ग्रीक आणि नॉर्स दैवतकथा : प्रिय देवी आणि सदोष देव

१. प्रास्ताविक

ग्रीक दैवतकथा प्रथमच वाचणाऱ्या वाचकाच्या मनात दोन प्रतिक्रिया जवळजवळ एकाच वेळी उमटतात. पहिली नापसंतीची. देवांचा राजा पत्नीला फसवतो, युद्धाचा देव जखम झाल्यावर रडत बापाकडे धाव घेतो, भाऊ भावाच्या मुलीला पळवून नेतो आणि ते तिच्या बापाच्या संमतीने घडते. हे देव कसले? दुसरी प्रतिक्रिया अगदी उलट असते. याच कथांमधली एखादी देवी वाचकाला मनापासून आवडून जाते आणि पुस्तक मिटल्यावरही ती सोबत राहते. उत्तर युरोपातील नॉर्स कथांच्या बाबतीतही असेच घडते.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पहिल्या प्रतिक्रियेचे रूपांतर पुष्कळदा ‘ग्रीक देव अनैतिक होते’ अशा एका वाक्यात होते आणि उत्तर तेथेच संपते. दुसरी प्रतिक्रिया उत्तरपत्रिकेत येतच नाही, कारण आवड ही खासगी बाब असून अभ्यासात तिला स्थान नाही, असा आपला समज असतो. या घटकात दोन्ही प्रतिक्रिया आपण गंभीरपणे विचारात घेणार आहोत. देवांचे दोष या कथांत कोणते काम करतात आणि काही देवी वाचकाला, तसेच मूळच्या उपासकांनाही, इतक्या जवळच्या का वाटल्या, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

२. कथा आपल्यापर्यंत कशा आल्या

कोणत्याही दैवतकथेविषयी मत बनवण्यापूर्वी ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली हे विचारले पाहिजे. ग्रीक कथांचे आपले सर्वांत जुने आधार म्हणजे होमरच्या नावावर असलेली ‘इलियड’ व ‘ओडिसी’ ही महाकाव्ये आणि हेसिअडचे ‘थिओगोनी’ हे देवांच्या वंशावळीचे काव्य. ही काव्ये सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकांतील मानली जातात. त्या काळी या देवांची मंदिरे, यज्ञ आणि उत्सव चालू होते. कवी आणि श्रोते दोघेही त्याच देवांना बळी अर्पण करीत होते.

नॉर्स कथांची स्थिती निराळी आहे. आइसलँडने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्नॉरी स्टुर्लुसन या इतिहासकार-कवीने आपला गद्य ‘एड्डा’ १२२० च्या सुमारास लिहिला, म्हणजे धर्मांतरानंतर दोनशे वर्षांनी. जुन्या दैवतकाव्यांचा प्रमुख संग्रह ज्या हस्तलिखितात आहे ते ‘कोडेक्स रेजिअस’ त्याहूनही पुढचे, १२७० च्या सुमाराचे आहे. ते दीर्घकाळ कोपनहेगनला होते आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत आले. म्हणजे ओडिन आणि फ्रिग यांच्या कथा आपण वाचतो तेव्हा त्यांची पूजा थांबल्यानंतर टिकून राहिलेली आठवण वाचत असतो. लिहिणारा स्वतः ख्रिस्ती आहे, पण आपल्या भाषेतील काव्यपरंपरा नष्ट होऊ नये अशी त्याची तळमळ आहे. जुन्या कविता समजायच्या तर जुने देव माहीत असावे लागतात, म्हणून तो देवांविषयी लिहितो.

अलीकडच्या चित्रपटांमुळे या कथांचे आणखी एक रूप प्रचारात आले आहे. त्यात लोकी हा थोरचा भाऊ आहे. जुन्या काव्यांत तसे नाही. तेथे तो राक्षसकुळातील असून ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला बंधू आहे. उत्तर लिहिताना चित्रपट आणि ग्रंथ यांची सरमिसळ टाळावी.

३. नावांचे नाते आणि त्याची मर्यादा

या देवांपैकी काहींची नावे मराठी वाचकाला पूर्णपणे परकी नाहीत. ग्रीक, जर्मानिक आणि संस्कृत या भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातील असल्याने काही नावांत सरळ नाते सापडते. झ्यूस हे नाव आणि वेदांतील ‘द्यौः’ हा शब्द एकाच मुळाचे. ग्रीक प्रार्थनेत झ्यूसला ‘पिता झ्यूस’ अशी हाक येते, वेदांत ‘द्यौष्पितर्’ आहे आणि रोमन लोकांचा यूपिटर हाही तोच शब्द आहे. ग्रीक ‘इऑस’ म्हणजे आपली ‘उषस्’. नॉर्स देव टीर याच्या नावाचे नाते ‘देव’ या शब्दाशीच आहे. थोरच्या नावात मेघगर्जनेचा जो धातू आहे तोच संस्कृत ‘तन्यतु’ आणि ‘स्तनयित्नु’ या शब्दांत दिसतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव फ्रिगचे. ओडिनची ही पत्नी देवींमध्ये अग्रस्थानी आहे आणि तिचे नाव संस्कृत ‘प्रिया’ या शब्दाचे सख्खे भावंड आहे. प्रिय देवी म्हणजे काय याचे उत्तर जणू तिच्या नावातच दडलेले आहे.

मात्र नावे जुळली म्हणजे कथाही जुळतात असे समजू नये. ऋग्वेदातील द्यौः हा बराचसा अस्पष्ट झालेला आकाशपिता आहे. त्याच नावाचा झ्यूस ऑलिम्पसचा सत्ताधीश आहे, तर टीर हा नॉर्स कथांत एक हात गमावलेला, तुलनेने मागे पडलेला देव आहे. शब्द टिकतो, त्यातला आशय मात्र प्रवासात बदलत जातो. अथीना, हेरा, अफ्रोडाइटी यांच्या नावांची तर समाधानकारक इंडो-युरोपीय व्युत्पत्ती देता येत नाही. यांतील काही देवी ग्रीक भाषा येण्यापूर्वीच्या स्थानिक परंपरेतून आल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात.

वारांच्या नावांबाबतही अशीच सावधगिरी हवी. ग्रहांवरून नाव दिलेले सात वार हेलेनिस्टिक जगातून पश्चिमेकडे रोमनांकडे गेले आणि पूर्वेकडे भारतात आले. जर्मानिक लोकांनी रोमन देवांच्या जागी आपले देव बसवले. मंगळवार टीरला मिळाला, बुधवार ओडिनला, गुरुवार थोरला आणि शुक्रवार फ्रिगला. इंग्रजी फ्रायडे तो हाच. आपल्याकडे श्रावणातल्या शुक्रवारी लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा होते आणि फ्रिगची मुख्य कथाही मुलाच्या प्राणांसाठी धडपडणाऱ्या आईचीच आहे. योगायोग मनाला भिडतो, पण तो योगायोगच आहे. त्यावर सिद्धान्त उभारण्याचा मोह विद्यार्थ्याने आवरावा.

४. दोषांची किंमत कोण मोजतो

देवांच्या दोषांवर टीका आजच्या वाचकानेच प्रथम केली असे नाही. इ. स. पूर्व सहाव्या शतकातला कवी-तत्त्वज्ञ झेनोफेनीस याने होमर व हेसिअड यांना दोष दिला, तो याच कारणासाठी. चोरी, व्यभिचार आणि परस्परांची फसवणूक या माणसांत निंद्य ठरणाऱ्या गोष्टी त्यांनी देवांच्या माथी मारल्या, असे त्याचे म्हणणे होते. पुढे प्लेटोने आपल्या आदर्श नगरात अशा कथांवर बंधन घालण्याचा विचार मांडला. तरीही कथा चालू राहिल्या. याचे एक कारण असे की, ग्रीक धर्म हा मुख्यतः कर्माचा धर्म होता. यज्ञ, उत्सव आणि नवस यथासांग पार पाडले की पुरे. देव आचरणाचा आदर्श आहे असे मानण्याची सक्ती कोणावर नव्हती. देव श्रेष्ठ ठरे तो सामर्थ्याने आणि अमरत्वाने.

या अमरत्वातच ग्रीक देवांच्या दोषांचे मर्म आहे. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात अथीनेच्या साहाय्याने डायोमिडीस हा मर्त्य वीर युद्धदेव आरेसला भाल्याने जखमी करतो. आरेस ओरडत झ्यूसकडे जातो, झ्यूस त्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना करतो, मग देवांचा वैद्य जखम बरी करतो आणि आरेस स्नान करून पुन्हा ऐटीत आसनावर बसतो. त्याच दिवशी पडलेले ट्रॉयचे आणि ग्रीसचे वीर मात्र उठत नाहीत. ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात अफ्रोडाइटी आणि आरेस यांना तिचा पती हिफेस्टस अदृश्य जाळ्यात पकडतो. देव जमतात, हसतात आणि प्रकरण दंडाच्या बोलीवर मिटते. देवांच्या घरात जे विनोदी कथानक ठरते, तेच माणसांच्या घरात ट्रॉयचे युद्ध होते. हेलनही दुसऱ्याची पत्नीच होती. हेराचा मत्सर आयो आणि सेमिली यांना भोवतो, झ्यूसला नव्हे. अपोलोला नकार देणारी कसांड्रा खरे भविष्य सांगत राहते आणि कोणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. देव चुकतो आणि माणूस भरपाई करतो, असा येथील हिशेब आहे. त्यामुळे ‘देव अनैतिक होते’ या वाक्याने विश्लेषण पूर्ण होत नाही. परिणामांपासून मुक्त असलेली सत्ता कशी वागते याचे ग्रीकांनी केलेले निरीक्षण या कथांत आहे.

एक प्रसंग याला छेद देतो आणि तो विसरू नये. झ्यूसचा मर्त्य पुत्र सार्पेडन रणात मरणार असतो. त्याला वाचवावे का, असा विचार झ्यूस बोलून दाखवतो. हेरा त्याला बजावते की, तू तसे करू शकतोस, पण मग प्रत्येक देव आपापल्या मुलाला वाचवू पाहील. झ्यूस माघार घेतो आणि पृथ्वीवर रक्ताचे थेंब वर्षवतो. सर्वसमर्थ पित्याला येथे काही क्षण मर्त्य बापाचे दुःख भोगावे लागते.

नॉर्स देव मरणाधीन आहेत. इदुनची सफरचंदे खाऊन ते तरुण राहतात, पण राग्नारोक या अंतिम संग्रामात त्यांतील बहुतेक मरणार हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांचा प्रत्येक दोष उधारीसारखा त्यांच्याच खात्यावर चढत जातो. फेनरीर या लांडग्याला बांधण्यासाठी देव त्याला फसवतात. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा गोष्टींपासून केलेली दोरी ते वापरतात. बांधल्यावर सोडू, या खोट्या वचनाची हमी म्हणून टीर आपला हात लांडग्याच्या जबड्यात ठेवतो. वचन मोडते, हात जातो. शेवटच्या दिवशी हाच लांडगा सुटून ओडिनला गिळतो. फ्रेयर हा सुपीकतेचा देव गेर्ड या राक्षसकन्येच्या ओढीने आपली तलवार देऊन टाकतो आणि राग्नारोकमध्ये तलवारीविना मारला जातो. ‘लोकासेन्ना’ या काव्यात लोकी देवांच्या मेजवानीत घुसून एकेकाचे दोष भर सभेत मोजतो. लक्षात घेण्यासारखे हे की, आरोप खोटा आहे असे ठामपणे म्हणणारे फार थोडे; बहुतेक जण त्यालाच उलट शिवी देतात.

लोकीची शिक्षाही पाहावी. त्याला त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी खडकांना बांधतात आणि वर विष ठिबकणारा साप टांगतात. त्याची पत्नी सिगिन पात्र धरून विष झेलत बसते. पात्र भरले की ती ते रिकामे करायला वळते, तेवढ्यात थेंब लोकीच्या तोंडावर पडतात, तो तडफडतो आणि पृथ्वी हादरते. भूकंपाचे हे कारण स्नॉरी सांगतो. सिगिनविषयी याहून जवळजवळ काहीही माहिती मिळत नाही. तिच्या वाट्याला आलेले एक पात्र आणि एक प्रसंग एवढ्यावर ती अनेक वाचकांच्या मनात घर करून राहिली आहे.

५. दोन माता : डीमीटर आणि फ्रिग

देवांच्या दोषांचा भार देवींवर कसा पडतो हे पाहण्यासाठी दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात.

पहिली ‘डीमीटरचे स्तोत्र’ या होमरी परंपरेतील काव्यातली. हे काव्य एकाच हस्तलिखितात टिकले आणि ते हस्तलिखित १७७७ मध्ये मॉस्को येथे उजेडात आले. धान्याची देवी डीमीटर हिची मुलगी पर्सेफोनी फुले वेचत असताना पाताळाचा राजा हेडीस तिला रथातून पळवतो. हेडीस झ्यूसचा भाऊ आणि झ्यूस मुलीचा बाप. संमती बापाची आहे. आईला विचारलेले नाही, मुलीलाही नाही. डीमीटर नऊ दिवस मशाली घेऊन, अन्नपाणी आणि स्नान सोडून हिंडते. अखेर सूर्य तिला खरे सांगतो आणि वर समजूत घालतो की, हेडीस हा काही वाईट जावई नाही, चांगल्या घरातला आहे. हे सांत्वन वाचताना आपल्याकडच्या किती बैठका आठवतात, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

यानंतर डीमीटर जे करते ते महत्त्वाचे आहे. ती भांडायला ऑलिम्पसवर जात नाही. ती देवांची संगतच सोडते आणि म्हातारीच्या रूपात एल्युसिस गावच्या विहिरीवर येऊन बसते. राजाच्या मुली तिला घरी नेतात. ती मद्य नाकारते, सातूचे पुदिना घातलेले पाणी घेते. इयांबी नावाच्या दासीच्या थट्टेने तिला दुःखातही हसू येते. राजपुत्राला सांभाळताना ती त्याला रात्री विस्तवात ठेवून अमर करू पाहते. त्याची आई हे पाहून किंचाळते आणि तो प्रयत्न फसतो. एका आईची मुलगी गेली म्हणून ती दुसरीच्या मुलाला मृत्यूपासून वाचवू पाहते, पण तेही साधत नाही. आता डीमीटर आपले रूप प्रकट करते, मंदिर बांधून घेते आणि त्यात बसून राहते. वर्षभर बी उगवत नाही. माणसे मरू लागतात आणि देवांचे यज्ञ बंद पडण्याची वेळ येते.

येथे झ्यूसला हलावे लागते, ते करुणेमुळे नव्हे; यज्ञभाग बुडतो म्हणून. तो प्रथम दूत पाठवतो, मग एकामागून एक सारे देव. डीमीटर कोणाचेही ऐकत नाही. शेवटी हर्मीस पाताळात जाऊन पर्सेफोनीला आणतो. पण हेडीसने तिला डाळिंबाचा दाणा खाऊ घातलेला असतो. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला पाताळात राहावे लागते. तडजोड अपुरी आहे आणि काव्य ते लपवीत नाही. तरीही झ्यूसचा निर्णय एका देवीच्या असहकारामुळे बदलला, ही गोष्ट उरतेच. याच एल्युसिसमध्ये डीमीटर आणि पर्सेफोनी यांचे गूढविधी इ. स. चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. त्यांत स्त्रिया आणि गुलाम यांनाही प्रवेश होता आणि दीक्षितांना मरणोत्तर बऱ्या गतीची आशा मिळत असे.

दुसरी कथा फ्रिगची. तिचा मुलगा बाल्डर याला मृत्यूची स्वप्ने पडतात. फ्रिग आग, पाणी, लोखंड, दगड, झाडे, रोग, पशू, पक्षी, विष आणि साप या सर्वांकडून बाल्डरला इजा न करण्याची शपथ घेते. मग देवांचा खेळ सुरू होतो. बाल्डरला मध्ये उभे करून ते त्याच्यावर वाटेल ते फेकतात आणि त्याला काही होत नाही. लोकी बाईच्या वेषात फ्रिगकडे जाऊन, खरेच सर्वांनी शपथ घेतली का, असे विचारतो. ती सांगते, मिसलटोचे एक रोप राहिले. ते फारच कोवळे वाटले. मिसलटो म्हणजे झाडावर वाढणारे बांडगूळ. लोकी त्याची काडी बाल्डरच्या आंधळ्या भावाच्या, होडरच्या, हातात देतो, त्याला दिशा दाखवतो आणि बाल्डर कोसळतो.

या कथेत फ्रिगचा दोष कोणता? कोवळ्या रोपाला शपथेचे ओझे नको, ही दया. बाकीचे देव खेळात रमलेले असताना मुलाच्या जिवासाठी दारोदार फिरलेली तीच एक, आणि दयेपायी एक दार राहिलेलीही तीच. हेल ही मृतांची राणी अट घालते की, जगातील प्रत्येक वस्तू बाल्डरसाठी रडली तर त्याला परत पाठवू. माणसे रडतात, दगड रडतात, थंडीतून उबेत आणलेल्या धातूला सुटते तसे पाणी सर्वांना सुटते. गुहेतली एक राक्षसीण मात्र रडत नाही. तो लोकीच होता असे समजले जाते. बाल्डर परत येत नाही.

डीमीटरच्या दुःखाजवळ सौदा करण्याचे सामर्थ्य होते, कारण धान्य तिच्या हाती होते. फ्रिगच्या हाती शपथा आणि अश्रू एवढेच होते. आणि ‘लोकासेन्ना’त फ्रेया लोकीला जे सांगते त्याने ही कथा अधिकच जड होते. फ्रिगला सर्वांचे भविष्य माहीत आहे, ती ते बोलत नाही, एवढेच. हे खरे धरले तर शपथा घेत फिरणाऱ्या फ्रिगला शेवट आधीच ठाऊक होता. काव्य यावर काहीही भाष्य करीत नाही.

येथे थोडे थांबून स्वतःच्या वहीत लिहून पाहा : पर्सेफोनी परत आली नसती, तर डीमीटरच्या कथेतला झ्यूस तुम्हाला वेगळा वाटला असता का?

६. आवडत्या देवी निर्दोष असतात का

देव सदोष आणि देवी निर्मळ अशी सोयीची वाटणी मात्र करू नये. अथीनेचेच उदाहरण घ्या. ‘ओडिसी’च्या तेराव्या सर्गात इथाकाच्या किनाऱ्यावर ओडिसियस तिला न ओळखता स्वतःविषयी एक लांबलचक खोटी कहाणी सांगतो. ती रागावण्याऐवजी हसते, त्याला हाताने कुरवाळते आणि आपण दोघेही एकाच जातीचे धूर्त आहोत असे कौतुकाने म्हणते. देव आणि माणूस यांच्यातील इतकी मोकळी मैत्री ग्रीक साहित्यात क्वचितच भेटते. पण ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात हीच अथीना हेक्टरच्या भावाचे रूप घेऊन त्याला मरणाच्या तोंडी उभे करते. इ. स. पूर्व ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या ‘युमेनिडीस’ नाटकात आईचा खून करणाऱ्या ओरेस्टीसच्या बाजूने ती मत देते. आपल्याला जन्म देणारी आई नाही, म्हणून आपण पुरुषपक्षाच्या आहोत, हे तिने दिलेले कारण आहे. अथीना आवडते असे म्हणणाऱ्या वाचकाला हे मतही तिच्यासोबत स्वीकारावे लागते किंवा त्याच्याशी झगडावे लागते.

मेड्यूसाच्या बाबतीत पाठभेदाचा प्रश्न येतो. मंदिरात पोसायडनने तिच्यावर बलात्कार केला आणि अथीनेने शिक्षा मात्र तिलाच केली, ही आज सर्वत्र सांगितली जाणारी कथा रोमन कवी ओव्हिडची आहे. हेसिअडच्या काव्यात मेड्यूसा जन्मतः गॉर्गन असून पोसायडनचा आणि तिचा संग वसंतातल्या फुलांच्या कुरणात होतो. तेथे मंदिर नाही आणि शिक्षाही नाही. दोन्हींत सुमारे सातशे वर्षांचे अंतर आहे. ओव्हिडची कथा त्यामुळे खोटी ठरत नाही. अन्याय करणाऱ्या सत्तेविषयी त्याला काही सांगायचे होते, आणि पुढे सम्राट ऑगस्टसने त्यालाच हद्दपार केले. परंतु ‘ग्रीक लोकांची अथीना अशी होती’ हे विधान ओव्हिडच्या आधारावर करता येत नाही.

फ्रेयाची कीर्तीही अशीच पाठांवर अवलंबून आहे. ब्रिसिंगामेन या कंठभूषणासाठी तिने चार बुटक्या कारागिरांबरोबर एकेक रात्र घालवली, ही कथा चौदाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती लेखनिकांनी उतरवलेल्या हस्तलिखितात येते. जुन्या ‘थ्रिम्सक्विडा’ काव्यातली फ्रेया वेगळी आहे. थ्रिम हा राक्षस थोरचा हातोडा चोरतो आणि बदल्यात फ्रेया मागतो. देव तिला वधूवेष घालायला सांगतात, तेव्हा ती अशी फुत्कारते की देवांचे दालन हादरते आणि ते कंठभूषण तुटून पडते. शेवटी वधूवेष चढवावा लागतो तो दाढीवाल्या थोरला. डीमीटरच्या कथेत देवांनी मुलगी न विचारता देऊन टाकली; येथे देवांनी तसा प्रयत्न केला आणि देवीने नाही म्हटले. मरणाच्या बाबतीतही फ्रेयाचा अधिकार मोठा आहे. रणात पडलेल्या वीरांपैकी अर्धे ओडिनच्या वाट्याला येतात, अर्धे तिच्या.

ही देवी लोकांना किती जवळची होती याचा एक पुरावा इतिहासातूनच मिळतो. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या थोडे आधी हियाल्टी स्केग्यासन या ख्रिस्ती पुढाऱ्याने राष्ट्रसभेत फ्रेयाला कुत्री म्हणणारे दोन ओळींचे कवन म्हटले. सभेने त्याला देवनिंदेबद्दल हद्दपार केले. पुढे धर्म बदलला, फ्रेयाची पूजा थांबली. तिचे नाव मात्र मुळात ‘मालकीण’ या अर्थाचा शब्द होता आणि त्याचे जर्मन भावंड ‘फ्राउ’ आजही प्रत्येक स्त्रीच्या नावाआधी आदराने लावले जाते.